सुपाखालचा डाव

चिखला कॉलनी, ता. तुमसर
दिवाळीनंतरचा मंगळवार

प्रिय रुखमा,

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाया एकमेकींना पत्रं कशाला लिहितील? काही सांगायचं असलं की मी भिंतीवर लाटणं ठोकायची, तू खिडकीत यायची, बस. आता तू नागपुरात कैलाशच्या घरी तिसऱ्या मजल्यावर, तिथवर माझं लाटणं पोचत नाही. फोन काहून नाही केला म्हणशील, तर ते शेवटी सांगते. हे पत्र तुझी सून तुला वाचून दाखवेल, म्हणून अंगणवाडीचा अहवाल लिहायची तसं जरा शुद्ध लिहून राहिली आहे. मधेच आपली बोली घुसली आणि अडलं, तर रश्मी बेटा, सासूच्या तोंडाकडे पाहा, समजेल काय ते.

तर ऐक. मी एक खेळ बनवून राहिली आहे, कॉम्प्युटरवर. हसली ना? हस. क्वार्टरांची अख्खी लाईन हसून राहिली आहे, तू कायले मागं राहतेस. पण ही पाळी तुझ्यामुळंच आली. कैलाशनं सांगितलं की तुझा उजवा हात अजून पडूनच आहे, डाव्या हाताची बोटं मात्र चालतात, आणि डॉक्टर म्हणतात ती चालती ठेवा, नाहीतर तीही आळसावतील. त्यांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू तू खिडकीतून खाली फेकला म्हणे. कैलाश बिचारा रडकुंडीला आला होता, अन् मले इतका आनंद झाला का विचारू नको. म्हटलं, रुखमा अजून रुखमाच आहे. पण मग विचार आला, चेंडू नाही तर काय? ही बाई कशाला हात लावेल? तर अष्टाचंग्याला. दुसरं काही तिला जन्मात आवडलं नाही. आता चिंचोके दोन्ही तळहातांत घोळून फेकावे लागतात, ते तुला जमायचं नाही. पडद्यावर असले तर एक बोट पुरेल.

आमची हर्षा पुण्यात मोबाईलवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत आहे हे तुला ठाऊकच आहे. ती म्हणाली, आई, मी दोन दिवसांत करून देते. आणि दिलंही. काय सांगू तुले! सोन्याचा पट, गरगर फिरणाऱ्या मोहरा, आणि प्रत्येक डावाला एक पोरगी इंग्रजीत शाबासकी देते. मी म्हटलं, ही पोरगी रुखमा पहिल्याच दिवशी खिडकीतून फेकते. आपला पट म्हणजे माझ्या ओट्यावर विटेच्या तुकड्यानं आखलेला, एका कोपऱ्यात सिमेंट उखडलेलं, म्हणून ते घर वाकडं. माझे खाणीतल्या मॅंगनीजचे काळे खडे, तुझे छपरावरच्या कवेलूचे लाल तुकडे. आपले नियम हर्षाला काय माहीत? तुझा तो नियम, की चिंचोका ओट्याखाली पडला तर फेकणारीनंच कोंबड्यांच्या आधी तो उचलायचा, नाहीतर डाव गेला, हा कोणत्या कंपनीला माहीत असेल? मी इतकी खुसपटं काढली की पोरगी वैतागली. म्हणाली, आई, मग तूच बनव. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, माझा जुना कॉम्प्युटर घरी पडलाच आहे, पट तू मांड, नेटवरून तुमची दोघींची घरं जोडायचं काम मी करून देईन. तिला वाटलं मी गप्प बसीन. मी म्हटलं, सांग नाव.

नाव इंग्रजी, जिभेला वळत नाही. मी त्याला कारखाना म्हणते, कारण त्यात खेळ तयार होतात. हा कारखाना आधी नेटवरून उतरवायचा, मग बसवायचा, मग उघडायचा. अंगणवाडीच्या मोबाईलवर पोरांची वजनं भरून भरून माझी बोटं तयार झाली होती, म्हणून वाटलं काय एवढं. सकाळी कॉलनीत नेट मरतुकडं, संध्याकाळी सगळे मोबाईल घेऊन बसतात. दुपारी तेवढं चालतं. जेवण झालं, भांडी झाली, बसली. एक हिरवी पट्टी दिसली, ती हळूहळू भरत होती, आपल्या सार्वजनिक नळाखाली हंडा भरतो तशी. दुसऱ्या दिवशी उघडून पाहते तर कारखान्याचा पत्ताच नाही.

अगं, घरात नवीन मडकं आणलं तरी ते कुठंतरी ठेवलेलं दिसतं. हे एवढं मोठं काम घरात आलं आणि दिसेनासं झालं! हर्षा फोनवर म्हणे, खालच्या कोपऱ्यात दाब, यादी येईल. आली यादी. त्यात घड्याळ, पत्ते, हवामान, कुणी मागितलं होतं हवामान? कारखाना नाही. म्हणे, नाव टाकून शोध. टाकलं. यंत्रच मला विचारते, तुम्हाला दुसरंच काही म्हणायचं होतं का. म्हणे, डाउनलोडच्या कप्प्यात पाहा. तिथं होतं एक पांढरं कागदासारखं, दाबलं तर काही नाही, दोनदा दाबलं तर म्हणे फाईल खराब आहे. आमचे हे, म्हणजे भैय्यालाल (लिहिताना नाव घेतलं, हस आणखी), यांनी तर कॉम्प्युटरच्या मागं बॅटरी मारून पाहिलं. काय दिसणार होतं, मुंग्या दिसल्या.

पुन्हा उतरवला. पुन्हा बसवला. एके दिवशी पडद्यावर त्याचं चिन्ह आलं, मी समोरच्या ताराबाईलासुद्धा बोलावून दाखवलं, आणि दाबलं तर आत एक काहीतरी नाही म्हणून कारखाना उघडेना. पुढच्या दिवशी ते चिन्हही फिकं पडलेलं. हर्षा दर वेळी एकच विचारे, आई, मधेच बंद तर नाही ना केलंस? मी म्हणे, नाही गं बाई, तुझी शपथ नाही. आणि खरंच सांगते रुखमा, मी खोटं बोलत नव्हती. माझं डोकं चक्रावून गेलं होतं. वाटे, साठी जवळ आली, आता आपल्याच हातचं आपल्याला कळेनासं झालं. तुझ्यासारखं आपल्यालाही काही होऊन तर नाही राहिलं, असंही एकदा मनात येऊन गेलं. ते कुणाला बोलली नाही.

आता जुनी गोष्ट आठव. भंडारा जिल्हा फुटला आणि तुझं माहेर गोंदियात गेलं, म्हणून तू आठवडाभर कलेक्टरवर रुसून बसली होती, त्याच सुमाराची. आमच्याकडे रंगीत टीव्ही आला होता, लाईनीत पहिला. दुपारचा भोंगा झाला, खाणीत सुरुंग उडाले, आणि टीव्ही फट्‌ झाला. तुमसरचा मेकॅनिक म्हणाला करंट कमीजास्त झाला, सुरुंगाचा काही संबंध नाही. पण तू ऐकशील तर ना! तू लाईनभर ठरवून टाकलं की भोंग्यानं टीव्ही जातो. त्या दिवसापासून भोंगा वाजला रे वाजला की तू दारात उभी राहून ओरडायची, ‘इमले, पिलग काढ वो!’ मग ताराबाईला, मग चंद्रभागाबाईला, पार शेवटच्या क्वार्टरपर्यंत. सगळ्या घरांत सटासट प्लग निघायचे. मग पटावर सूप उलटं घालायचं, वर धोंडा, म्हणजे कोंबड्या खडे हलवणार नाहीत, आणि चहाचं आधण ठेवायचं, कारण पाळी सुटून माणसं वर येत. दुसऱ्या दिवशी सूप उचललं की डाव तिथूनच पुढं. आता सुरुंग इतके खोल उडतात की मांडणीवरचा पेलाही हलत नाही. पण नियम तो नियम.

कळलं तुला? तुला कळलं असेल, मला मेलीला कळायला ताराबाई लागली. त्या दिवशी पट्टी जवळजवळ भरली होती. मी म्हटलं तेवढ्यात बकरीला पाला टाकून यावा. तिकडं भोंगा झाला. परत येते तर ताराबाई माझ्या घरात, हातात माझ्या कॉम्प्युटरचा प्लग, आणि चेहऱ्यावर असं की माझा जीव वाचवला. ‘अवो विमलाबाई, भोंगा झाला, अन् तुमचं यंत्र चालूच!’ मी इतकी भडकली रुखमा, इतकी भडकली! म्हटलं, तूच आहेस का ती, रोज माझा कारखाना बुडवणारी? तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लाईन जमा झाली. ताराबाई कंबरेवर हात ठेवून उभी, अन् म्हणते कशी, ‘मी आजच काढला वो. रोज तं तुमीच काढता. मले खिडकीतून दिसते.’

मी म्हटलं छट्‌. आणि माझ्याच हाताकडे पाहिलं. कारण खरंच मीच काढत होती. रोज. भोंगा झाला की माझी मी उठते, प्लग काढते, ओट्यावर एक चक्कर मारते, आधण ठेवते, आणि यातलं काही माझ्या डोक्यात जातच नाही. हर्षानं विचारलं बंद केलंस का, तर बंद करणं म्हणजे बटण दाबणं. प्लग मी थोडीच काढते, प्लग तर भोंगा काढतो! रविवारी भोंगा नसतो, पण रविवारी मी विहारात, मग पाहुणे. भांडण मिटवायला ताराबाईला चहा पाजला, आणि आम्ही दोघी हसून हसून लोळलो. मग ती गेली आणि मी रडली. तू गेल्यापासून भोंग्याला दारातून ती हाक येत नाही गं. कुणी ओरडत नाही, आणि हात तरी उठतोच.

म्हणजे सगळा दोष तुझा हे सिद्ध झालं. दुसऱ्या दिवशी कारखाना पुन्हा उतरवायला लावला आणि मी घरातच थांबली नाही. ह्यांना कॉम्प्युटरपुढं पहारा करायला बसवलं, ताराबाई आली तर आत घेऊ नका म्हणून बजावलं, आणि मी बोरिंगवर जाऊन दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली. भोंगा झाला. हाताला इतकी शिवशिव सुटली की मी खाली हंडा नसतानाच बोरिंग हापसत बसली, पाणी नालीत. लोकांना वाटलं बाई गेली कामातून. घरी आली तर हे मोठ्या रुबाबात म्हणतात, बसला तुझा कारखाना. चिन्ह दाबलं. उघडला.

आणि आत काहीच नाही! करडा रिकामा चौकोन, कडेनं मुंगीएवढ्या बटणांच्या रांगा. न पट, न खडे, न चिंचोके. मला वाटलं परत अर्धवटच बसला. दोनदा बंद केला, दोनदा उघडला, तोच करडा चौकोन. हर्षाला फोन लावून भांडली, की एवढ्या उठाठेवी करून रिकामी खोली मिळाली. ती म्हणाली, आई, रिकामीच असते, त्यात तूच मांडायचं. तेव्हा कुठं उजेड पडला. ओटा तरी कुठं पट घेऊन आला होता? विटेचा तुकडा आपणच घेतला होता.

त्यानंतरही कमी गोंधळ नाही घातला मी. घरं आखली ती एकावर एक चढली. खडे जागच्या जागी ठेवले, खेळ चालू केला, तर सगळे खडे सुर्रकन घसरून पडद्याखाली नाहीसे! मी टेबलाखाली वाकून पाहिलं, कुणाला सांगू नको. हर्षा म्हणे, तू त्यांना वजन देऊन ठेवलंस, म्हणून पडले. आता दगडाला वजन द्यावं लागतं आणि काढावंही लागतं, हे माझ्या बापजन्मी ऐकलं नव्हतं. काढलं वजन, राहिले जागेवर. कोपऱ्यातलं घर मुद्दाम वाकडं केलं, ते सरळ करायला यंत्र फार मागं लागलं होतं, मी ऐकलं नाही. आणि चिंचोक्यांचा आवाज खरा आहे. ओट्यावर आपलेच चिंचोके फेकले आणि मोबाईलमध्ये भरून घेतले. नीट ऐकशील तर मागून कोंबडी ओरडते.

हर्षाचा जुना टॅब या पत्रासोबत आहे. हे स्वतः गोबरवाहीहून गाडी धरून तो घेऊन येत आहेत, वाटेत कुणाच्या हाती देणार नाहीत. रश्मी, तो सासूच्या डाव्या हाताशी, उशीला टेकवून ठेव. उघडला की एकच मोठं लाल बटण दिसेल, तिच्या कवेलूच्या रंगाचं. दुसरं काही दाबावं लागत नाही. तिला मदत करू नको, आवडणार नाही तिला.

आता फोनचं सांगते. कैलाश फोन तुझ्या कानाला लावतो, मी बोलते, आणि तिकडून काही येत नाही. बोलून बोलून मी थांबते. मग कैलाश म्हणतो, काकू, आई ऐकते आहे, बोला तुम्ही. जिची हाक शेवटच्या क्वार्टरपर्यंत जायची, तिचा एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात वाचा येईल, नाहीही येणार, वाट पाहा. मी फोन ठेवते आणि मला कळत नाही की मी रुखमाशी बोलली की भिंतीशी. भिंतसुद्धा लाटणं ठोकलं तर आवाज करते गं. म्हणून फोन बंद केला, म्हणून हा उपद्व्याप, म्हणून हे पत्र. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या दुपारी भोंगा झाला, आपण सूप घातलं, तू चहाला म्हणून घरी गेली, आणि संध्याकाळी तुला गाडीत घालून भंडाऱ्याला नेलं. ते सूप अजून तसंच आहे. ओटा दोनदा धुतला, दिवाळीला सगळीकडे चुना झाला, तेवढा तुकडा सोडून. काल मी ते पहिल्यांदा उचललं आणि पाहून पाहून सगळे खडे पडद्यावर तिथल्या तिथं मांडले. तुझे तीन खडे मधल्या घरात पोचलेत, चौथा वाकड्या घरात अडकला आहे, माझे दोन अजून बाहेर. तू जिंकत होती, सटवे. बारी तुझी होती. तुला काही बोलायचं नाही, फक्त लाल बटण दाबायचं. तू तिथं दाबलं की माझ्या घरात चिंचोके पडतील, आणि मला समजेल की तू आहेस. कॉम्प्युटर मी चालूच ठेवते. आता भोंगा झाला तरी प्लग काढणार नाही, ताराबाई ओरडली तरी नाही. तू ओरडली तर मात्र लगेच काढीन.

चिंचोक्यांकडे कान लावून बसलेली,
तुझीच
इमली